शेत विकण्याआधी

नुंगंबाक्कम, चेन्नई
12 जुलै

चि. प्रवीण,

तुझा निरोप मिळाला, फोटोही मिळाले. तुझ्या बाबांच्या, म्हणजे आमच्या दादाच्या गालाच्या आतला चट्टा फोटोत नीट दिसत नाही. पण महिना उलटला तरी जखम भरत नाही, तिखट लागलं की डोळ्यांत पाणी येतं आणि तोंडात जेमतेम दोन बोटं जातात, असं तू लिहिलं आहेस. एवढं पुरे आहे. मी डॉक्टर नाही. पण ग्रीम्स रोडपासून चालत जाण्याच्या अंतरावर इतकी वर्षं राहिले, गावाकडून येणाऱ्यांबरोबर दवाखान्यांच्या बाकांवर बसले, त्यातून काही गोष्टी कळत गेल्या. त्या लिहिते. पहिलीच गोष्ट तुला आवडणार नाही.

रविवारच्या जी.टी. एक्स्प्रेसची तिकिटं रद्द कर. आणि नाल्याकाठच्या दोन एकरांचा इसार घेतला नसशील तर घेऊ नकोस.

सख्खी बहीण असून आत्या असं कसं म्हणते, हे वहिनीच्या मनात येईल. तिला हे पत्र वाचून दाखव. तुमच्या मनात चेन्नई का बसली ते मला कळतं. बल्लारशाहला गाडीत बसलं की दुसऱ्या दिवशी चेन्नई, मध्ये कुठे बदलायचं नाही, उतरल्यावर माणसाचं घर आहे. त्यात गावात कुणीतरी सांगितलेलं असतं, अमका मद्रासला गेला आणि ठणठणीत होऊन आला. जे ठणठणीत होऊन आले नाहीत त्यांच्याबद्दल पारावर कुणी बोलत नाही, एवढंच.

इथल्या गल्ल्या तू पाहिलेल्या नाहीस. 1983 साली ग्रीम्स रोडला अपोलो हॉस्पिटल सुरू झालं, आणि हळूहळू भोवतीच्या घरांचा धंदाच बदलला. खोली रोजाच्या भाड्याने, सोबत एक शेगडी, चार भांडी. पाट्या तमिळमध्ये तशा बंगालीतही. बंगाल, आसाम, त्रिपुरा, थेट बांगलादेशातून लोक येतात. ते वेडे म्हणून येत नाहीत, त्यांच्या जिल्ह्यात काही नव्हतं म्हणून येतात. आसाम सरकार आणि टाटा ट्रस्ट यांनी मिळून 2022 च्या एप्रिलमध्ये तिथे एकदम सात कॅन्सर रुग्णालयं सुरू केली. विचार सरळ होता, माणसाला दीड-दोन हजार मैल पाठवण्यापेक्षा उपचार त्याच्या जिल्ह्याजवळ न्यायचा. चंद्रपूरलाही टाटा ट्रस्ट आणि शासन यांनी मिळून रुग्णालय उभारलं आहे. तिथे आज काय काय सुरू आहे, विशेषतः रेडिएशनचं मशीन चालू आहे का, हे फोन करून नीट विचार. नुसती इमारत पाहून जाऊ नकोस.

आता खरी गोष्ट. मी पाहिलेल्या माणसांपैकी बऱ्याच जणांचा घात चुकीच्या डॉक्टरने केला नाही, उपचार अर्धे राहिल्याने केला. तोंडाच्या कॅन्सरमध्ये बहुधा आधी ऑपरेशन असतं. गाठ आणि मानेतल्या गाठी काढतात, कधी जबड्याचं हाड काढावं लागतं, दुसरीकडची कातडी-मांस आणून तिथे बसवतात. लोकांना वाटतं, झालं, काढून टाकलं. पण आजार थोडा पुढे गेलेला असला तर त्यानंतर रेडिएशन लागतं, आणि ते ऑपरेशननंतर साधारण सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावं लागतं. सोमवार ते शुक्रवार रोज एकदा, असे तीस किंवा जास्त दिवस, म्हणजे सहा आठवडे तरी. मध्ये खाडा झाला की उपचाराचं बळ कमी होतं, उरलेल्या पेशींना वाढायला सवड मिळते. अर्ध्या बांधीत रोवणी करून उरलेलं पऱ्हं तसंच वाळू दिलं तर पिकाचं जे होतं, तेच. काहींना रेडिएशनबरोबर आठवड्याला एक केमोही असते.

आता हिशेब कर. ऑपरेशनआधीच्या तपासण्या, ऑपरेशन, जखम भरणं, मग सहा आठवडे रेडिएशन. तीन-चार महिने झाले. एवढा काळ दादाबरोबर चेन्नईत कोण राहणार? तुझी शाळा आहे. वहिनीला तमिळ सोड, हिंदीही धड येत नाही, आणि रोवणीच्या दिवसांत बांध्या कुणाच्या भरवशावर सोडायच्या? माझं घर आहे, ते तुमचंच आहे. पण मला गुडघ्यांमुळे जिना उतरणं जड जातं, रोज दवाखान्यात मी सोबत येईन असं खोटं कशाला लिहू? मग काय होतं ते सांगते. ऑपरेशन होतं, पैसे संपतात, ‘रेडिएशनला परत येतो’ म्हणून माणसं गावी जातात. गावी गेल्यावर रोवणी, मग मुलीचं लग्न, मग जखम तर भरली आहे. सहा महिन्यांनी मानेत गाठ घेऊन परत येतात. आणि समजा सगळं नीट झालं, तरी पहिली दोन वर्षं दर दोन-तीन महिन्यांनी तपासणी लागते, कारण उलटायचं असेल तर बहुतेक वेळा तेवढ्यातच उलटतं. तेव्हा दर वेळी चेन्नई करणार आहात का?

म्हणून रुग्णालय निवडताना सगळ्यात नावाजलेलं कोणतं हे विचारू नकोस. शेवटच्या तपासणीपर्यंत आपण जिथे जात राहू शकतो असं कोणतं, ते विचार. दादासाठी ते नागपूर आहे. तुकडोजी महाराजांच्या नावाचं कॅन्सर रुग्णालय आहे, जामठ्याला नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे, सरकारी मेडिकल आहे; पलीकडे सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालयातही रेडिएशन मिळतं. नागपूरला तुझा मेहुणा आहे, भाषा आपली आहे, रात्री बारा वाजता नर्सला ‘दुखतंय’ म्हणून सांगता येतं. या शेवटच्या गोष्टीची किंमत इथे परप्रांतात राहिल्याशिवाय कळत नाही.

तुला शंका येईल की नागपूरचा उपचार हलका असेल. मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने 2012 साली नॅशनल कॅन्सर ग्रिड नावाची जोडणी उभी राहिली. देशभरातली कॅन्सर रुग्णालयं त्यात आहेत आणि कोणत्या टप्प्याला काय उपचार करायचा याचे नियम त्यांनी एकत्र बसून ठरवले आहेत. तरीही मन मानत नसेल तर ‘नव्या’ नावाची सेवा आहे, तीत घरबसल्या रिपोर्ट पाठवले की टाटा मेमोरियल आणि ग्रिडचे तज्ज्ञ कागद पाहून मत देतात. मुंबईला माणूस न्यावा लागत नाही, कागद जातात. मत मात्र उपचार सुरू होण्याआधी घे. अर्ध्यात डॉक्टर बदलणं म्हणजे नव्या डॉक्टरला दुसऱ्याने सोडलेलं काम निस्तरायला लावणं.

पण हे सगळं पुढचं. आज करायचं काम एकच, बायोप्सी. त्यासाठी नागपूरही नको. गडचिरोलीच्या जिल्हा रुग्णालयात दाताच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखव. चट्ट्याच्या कडेचा छोटा तुकडा घेतात, जागा बधिर करून. ‘वार लागला की पसरतो’ असं तुमच्याकडे म्हणतात ते मला माहीत आहे, माझ्या सासरीही म्हणत. तसं होत नाही. तुकडा तपासल्याशिवाय कोणताही शहाणा डॉक्टर ऑपरेशनला हात लावणार नाही. रिपोर्टबरोबर स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक मागून घे, तो दादाचा आहे, लॅबचा नाही. नागपूरवाले तोच पुन्हा तपासतील, तुकडा परत काढायची वेळ येणार नाही. ब्लॉक उन्हात ठेवू नकोस, मेण आहे ते. आणि बैतूलकडे जाऊन सालीचं औषध आणावं असं काकांनी सुचवलं आहे म्हणतोस. काकांना हात जोडून सांग की बायोप्सीचा रिपोर्ट हातात आल्यावर बोलू. त्या औषधाच्या रांगेत उभे राहून तीन महिने घालवून माणसं इथे येतात, तेव्हा तोंड एक बोटही उघडत नसतं.

पैशांचं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आता रेशनकार्डाचा रंग पाहत नाहीत, आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. कॅन्सरचं ऑपरेशन, केमो, रेडिएशन तिन्ही तीत बसतं. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात दाराजवळ आरोग्यमित्राचं टेबल असतं. ओपीडीच्या रांगेत उभं राहण्याआधी तिथे जा. दादाचं आधार आणि रेशनकार्ड यांवर नाव, वय एकसारखं आहे का ते आजच पाहा. आपल्याकडे कुठे ‘रामाजी’ असतं, कुठे ‘रामा’, आणि त्या एका ‘जी’पायी आठवडा जातो. दाखल होण्याआधी मंजुरी घ्यायची, नंतर नव्हे. आधी रोख भरा, मग परत मिळेल, असं कुणी म्हणालं तर आरोग्यमित्राला समोर उभं कर. इथे चेन्नईत ही योजना चालत नाही आणि तामिळनाडूची मुख्यमंत्री विमा योजना इथल्या रहिवाशांसाठी आहे. आयुष्मान कार्ड देशभर चालतं खरं, पण त्यातल्याच रुग्णालयात. म्हणजे चेन्नईला आलात तर बहुधा रोखीनेच, आणि ती रोख त्या दोन एकरांतून. दादा बरा झाला तर उरलेलं आयुष्य तो कशावर जगणार आहे?

नागपूरला गेल्यावर पहिल्याच दिवशी डॉक्टरला एवढं विचार: सगळं मिळून किती आठवडे, आणि यातला कोणता भाग कुठे होईल? रेडिएशनआधी खराब दात काढून घ्यावे लागतात, नंतर काढले तर जबड्याच्या हाडाला धोका असतो, याची आठवण करून दे. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तोंड सोलून निघतं, गिळता येत नाही. तेव्हा नाकातून नळी घालायचं म्हणाले तर ‘शेवट आला’ असं वहिनीने समजू नये. ती नळी वजन टिकवायला असते, वजन टिकलं तरच रेडिएशन पुरं होतं. ज्वारीची पेज, दूध, अंडं, डाळीचं पाणी, सगळं मिक्सरमधून काढून नळीतून जातं. आणि तोंड उघडण्याचे व्यायाम कंटाळा न करता, नंतर कित्येक महिने.

दादाला अजून काही सांगितलेलं नाही, ‘धसका घेईल’ म्हणून, असं लिहिलंस. सांग. ज्याला काय झालंय हे माहीत नाही तो सहा आठवडे रोज त्या मशीनखाली का पडून राहील? आमच्या दादाने माझ्या लग्नासाठी बैलजोडी विकली तेव्हा कुणाला धसका घेऊ दिला नव्हता. तो काय घाबरतो!

चेन्नईचं दार मी बंद केलेलं नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी स्वतः सांगितलं की अमुक एक गोष्ट आमच्याकडे होत नाही, तर ते लिहून घे आणि या. तेव्हाही आपण आधी अड्यारच्या कॅन्सर रुग्णालयात जाऊ. डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डींची बहीण कॅन्सरने गेली, त्यातून त्यांनी हे रुग्णालय मनात धरलं आणि 1954 साली बारा खाटांवर सुरू केलं. डॉ. शांता पुढच्या वर्षी तिथे आल्या आणि 2021 साली जाईपर्यंत तिथेच राहिल्या. गरिबाला परवडेल असा उपचार हा त्या संस्थेचा पाया आहे. तरमणीला 2019 पासून प्रोटॉनचं मोठं यंत्र आहे, त्याचा व्हिडिओ तुला कुणीतरी पाठवलेला दिसतो. ते चांगलं यंत्र आहे, ठरावीक आजारांना, विशेषतः लहान मुलांना उपयोगाचं. तोंडाच्या बहुतेक कॅन्सरना साध्या मशीनवर वेळेत आणि अखंड झालेलं रेडिएशन पुरतं.

‘आमच्या खेड्यात काय आहे’ असं तू शेवटी वैतागून लिहिलंस. भामरागडकडे पावसात पर्लकोटेला पूर आला की रस्ताच बंद होतो, साऱ्या जिल्ह्याला रेल्वे स्टेशन म्हणून एक वडसा. मला ते नव्याने सांगायला नको. पण बार्शीचं ऐक. सोलापूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. तिथे डॉ. नेने यांनी नर्गिस दत्त यांच्या नावाने कॅन्सर रुग्णालय उभं केलं आणि 1987 साली देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी तिथे सुरू झाली. नोंदी कशा करायच्या? खेड्यातला माणूस दवाखान्यात येतच नाही. तेव्हा या लोकांनी कार्यकर्ते गावोगाव धाडले. ते नुसतं विचारत हिंडले नाहीत, बोलत हिंडले. अंगावरून पांढरं जातं, पाळी गेल्यावर रक्त दिसतं, तोंडातली जखम भरत नाही, असं असेल तर चला आमच्याबरोबर. काही वर्षांत दिसलं की गर्भाशयमुखाचा कॅन्सर आधीपेक्षा लवकरच्या टप्प्यात सापडू लागला. नवं मशीन आलं नव्हतं, फक्त कुणीतरी दारात जाऊन बोललं होतं.

पुढे शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, आताच्या धाराशिवमध्ये, बार्शीच्या आणि टाटाच्या डॉक्टरांनी तीस ते एकोणसाठ वयाच्या सव्वा लाखांहून जास्त बायकांचा अभ्यास केला. 2009 साली तो अमेरिकेतल्या मोठ्या वैद्यकीय मासिकात छापून आला. आयुष्यात एकदा एचपीव्ही या विषाणूची तपासणी आणि दोष सापडला तर उपचार, एवढ्यानेच गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. ज्या गटाच्या बायकांना तपासणी दिलीच नाही त्यांच्यावर अन्याय झाला, अशी टीका पुढे झाली. ती मला पटते, त्यांच्यातल्याही कितीजणी वाचल्या असत्या. पण आपण त्यातून काय घ्यायचं ते उघड आहे. वहिनी पंचावन्नची आहे, एकदाही तपासणी झालेली नाही. आशाताई फॉर्म भरायला येतात तेव्हा ती ‘मला काही होत नाही’ म्हणून चुलीकडे जाते. दादाच्या बायोप्सीच्या दिवशी तिलाही सोबत ने, त्याच फेरीत तिची तपासणी होईल. स्तनांची तपासणीही करून घे. दोन फेऱ्यांचं भाडं वाचेल, असं सांगितलंस तर ती लगेच तयार होईल, मी तिला ओळखते.

आणि तू. तंबाखू-सुपारीचा खर्रा तुझ्याही खिशात असतो, हे दिवाळीला आले होते तेव्हा मी पाहिलं. वर्गात जाताना गालात, सुटीत गालात. बापाचं तोंड उघडत नाही म्हणून रात्री झोप न येणारा मुलगा सकाळी टपरीवर सुपारी घोटून घेतो, याला मी काय म्हणू? तालुक्याला मुक्तिपथचं व्यसन सोडवणारं क्लिनिक असतं, तिथे जा. एकट्याच्या जोरावर सोडणारे थोडे.

आता एक कठीण गोष्ट. डॉक्टर म्हणाले की फार पुढे गेलं आहे, ऑपरेशन होणार नाही, तर मग पळापळ करू नकोस आणि तेव्हाही शेत विकू नकोस. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी अशाच तोंडा-घशाच्या रुग्णांवर अभ्यास करून 2020 साली छापलं की रोज घरी घ्यायच्या दोन स्वस्त औषधांच्या गोळ्यांवर रुग्ण महागड्या सलाइनच्या केमोपेक्षा थोडे जास्त जगले, साडेसात महिने आणि सहा महिने असा फरक. ‘मेट्रोनॉमिक’ म्हणून विचार. वेदनेसाठी मॉर्फिन माग. 2014 च्या कायदा-दुरुस्तीनंतर ते देणं रुग्णालयांना सोपं झालं आहे. ‘सवय लागेल’ म्हणून कुणी नाही म्हणालं तर दुसऱ्या डॉक्टरकडे जा. दुखणं सोसत राहण्यात काही शौर्य नाही.

पण तिथवर गोष्ट गेली आहे असं मानायला आज काहीही कारण नाही. सोमवारी गडचिरोलीला जा. रिपोर्ट आला की प्रत्येक पान वेगळं, सरळ आणि उजेडात फोटो काढून पाठव, मागच्या फोटोंत खालच्या ओळी कापल्या गेल्या आहेत आणि डॉक्टर नेमकं महत्त्वाचं खालीच लिहितात. नागपूरची तारीख ठरली की कळव, पंधरा दिवस मी तिकडे येऊन राहीन. तिथे तुझ्या मेहुण्याकडे लिफ्ट आहे ना, ते विचारून ठेव.

दादाला आणि वहिनीला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझी,
आत्या

ता. क. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी जाता-येता स्लीपर आणि थर्ड एसीचं भाडं पडत नाही, सोबतच्या माणसाला पंचाहत्तर टक्के सवलत असते. त्यासाठी रुग्णालयाकडून रेल्वेच्या ठरलेल्या नमुन्यातला दाखला लागतो. एस.टी.तही सवलत आहे. नागपूरला पहिल्याच भेटीत दोन्ही दाखले मागून घे आणि चार-पाच झेरॉक्स काढून ठेव.